तीनदा सांगा

किशनराव मास्तरांच्या दारात उभं राहिलं की आधी आपलं नाव सांगावं लागे, मग बापाचं, मग हातात काय आहे ते. आणि हे सगळं तीनदा. हजामतीला आलेल्या न्हाव्याचीही यातून सुटका नव्हती. "हातात वस्तरा हाय," हे तीनदा ऐकल्यावरच मास्तर गाल पुढे करत. गाव त्यांना 'तीनदा मास्तर' म्हणायचं.

निजामाच्या राज्यात, आष्टीजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत मी त्यांच्या हाताखाली नोकरीला लागलो. रोज एकाच सतरंजीवर बसायचो आम्ही, तरी सकाळी मी आत आलो की, "कोण?"

"मी, नारायण."

"कुठला नारायण? बराबर सांगा."

पहिल्या आठवड्यातच माझं डोकं फिरलं.

संशय मलाही होताच. हा माणूस कधी पाटी तपासत नसे. पोरानं पाटी पुढे केली की म्हणत, "पाटीवर भरोसा न्हाई. कुणाचं बघून लिव्हलं काय ठाऊक? तोंडानं म्हण." मग गणित असो की धडा, प्रत्येकानं तीनदा म्हणायचं, आणि असं का, तेही सांगायचं. शाळा सुटायची वेळ टळून जाई, बाया दारात येऊन पोरांना हाका मारत. हजेरी मी लिहायची, खात्याचे कागद मी लिहायचे. सहीसाठीसुद्धा मी बोट ठेवून जागा दाखवायची, वर "दुसरंच काही लिहून घेऊन राह्यले का? वाचा. पुन्हा वाचा," हे ऐकायचं. म्हातारा पक्का कामचुकार आहे, अशी माझी खात्री झाली होती.

आणि त्या साली परतूरच्या परीक्षेत आमची सगळी पोरं पास झाली! आदल्या साली निम्मीसुद्धा झाली नव्हती. तालुक्यात सगळ्यात सुधारलेली शाळा म्हणून आम्हाला सनद द्यायचं ठरलं. पण संशय काही एकट्या मास्तरांची मिरासदारी नव्हती. शाळा तपासणारे मोहतमिमसाहेब टांग्यातून उतरले ते सनद पेटीत ठेवून, वर कुलूप लावून.

"मास्टरसाब, एक साल में इतनी तरक्की? नकल तो नहीं हुई?"

मास्तर भलतेच खूश झाले. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा तोडीचा माणूस भेटला होता. "बिलकुल बराबर विचारलं साहेब. मलाबी तोच शक हाय!"

साहेबांनी सखाराम नावाच्या पोराला गणित घातलं आणि त्याची पाटी मास्तरांच्या हाती दिली. मास्तरांनी ती तशीच पोराला परत केली. "पाटीवर भरोसा न्हाई. सख्या, म्हण." सख्या म्हणू लागला. मध्येच मास्तर ओरडले, "हातचा कुठं गेला? खाल्ला?" साहेबांनी वाकून पाहिलं, तर पाटीवर नेमकी तीच चूक होती. साहेबांची शंका फिटली, पेटीचं कुलूप निघालं.

"अब आप ही पढ़के सुनाइए," म्हणत साहेबांनी सनद दिली. मास्तरांनी कागद हुंगला. "कागदावर काय भरोसा? साहेबांनी तोंडानं सांगावं." साहेब पोट धरून हसले आणि त्यांनी सनदेतला मजकूर तोंडानं सांगितला, तोही तीनदा. सगळी शाळा हसत होती. मला मात्र हसू येईना. मास्तरांनी सनद उलटी धरली होती.

टांगा गेला, पोरंही पांगली. मास्तर सनद मांडीवर घेऊन बसले होते.

"कोण?"

"नारायण."

"यात माझं नाव कुठं हाय?"

मी कागद सुलटा केला आणि त्यांचं बोट नावावर ठेवलं. ते बोट बराच वेळ तिथंच पुढे-मागे फिरत राहिलं. मला माझीच लाज वाटली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन साल झाले, नजर उतरत गेली. यंदा तर उजेड तेवढा कळतो. खात्याला समजलं तर घरी बसवतील. अन् घरी कोण हाय माझं? दिवसभर पोरं तोंडानं म्हणतात, तेवढंच."

"मी कुणाला सांगणार नाही."

त्यांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली. कपाळावर नेहमीची आठी चढली.

"तीनदा सांगा."

मी दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा "मी कुणाला" एवढ्यावरच अडलो. मास्तरांनी कान पुढे केला. मग चाचपत त्यांनी माझा हात शोधला.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "दोनदा बास."