गाजरगवताचा बंदोबस्त

जावयाला एक वाईट खोड होती. काम करायचा, पण सांगायचा नाही! नळ गळायचा थांबे, दाराची कडी नीट बसे, पण कुणी केलं याचा पत्ता नाही. लेकीच्या घराची डागडुजी चालू म्हणून दोघं आईकडे राहायला आली होती, आणि सासूबाईंना कळेना, घरात जावई ठेवलाय की भूत!

पण सध्या डोक्याला ताप वेगळाच होता. रविवारी नणंद येणार होती. मागच्या वसंतात तिने फाटकातूनच विचारलं होतं, "वहिनी, ही बाग आहे की दात पडलेलं तोंड?" ते बोलणं वर्षभर काट्यासारखं घशात अडकलेलं. त्यात यंदाच्या थंडीत आणखी झाडं दगावली आणि वाफ्यात खिंडारं पडली.

"या वेळी एक जरी दात कमी दिसला तर नाव बदलीन!" जेवताना त्यांनी जाहीर केलं. "शनिवारी नर्सरीतून फुललेली रोपं आणते. तोवर जमीन साफ करते. मी शाळा बघितली नसेल, पण झाडाचं पान वाचायला शाळा लागत नाही!"

जावई मान खाली घालून जेवत होता.

दुसऱ्या दिवशी बघतात तर मोकळ्या जागांत कातरलेल्या पानांची हिरवी पिलावळ! "गाजरगवत! एका रात्रीत!" त्यांनी पदर खोचला आणि सगळं मुळासकट उपटून फेकलं.

पुढच्या सकाळी पुन्हा हजर!

"आई, गवत असं ओळीत उगवतं का गं?" लेकीने खिडकीतून विचारलं.

"हल्ली गवतालासुद्धा शिस्त आलीय, तुम्हालाच नाही!"

मग तर त्या ईर्ष्येलाच पेटल्या. पातेलंभर मिठाचं उकळतं पाणी ओतलं. तरी पुन्हा हिरवं, आणि वर भोवती तारेची जाळी! गवताला कुंपण? हे शेजारणीचंच काम! सासूबाई भिंतीवरून कडाडल्या, "माझ्या बागेत तुमचं गवत पोसता होय!"

"मी माझ्याच बागेत काही पोसत नाही हो!" शेजारीण म्हणाली आणि तिने खिडकी लावून घेतली.

त्यावर आणखी मीठ, आणखी पाणी. शेवटी एक पान उरलं नाही.

शनिवारी त्या ऐटीत नर्सरीत गेल्या. नर्सरीवाला म्हणाला, "आजी, फुललेलं काहीच नाही. कॉसमॉसच्या फुलांची बाळरोपं होती, पानं अगदी गाजरगवतासारखी, ती सगळी तुमच्या जावयांनीच नेली. सासूबाईंना न सांगता बाग भरायची म्हणत होते. पण कसलंसं जनावर येतं आणि रोज उपटून टाकतं! मी म्हटलं, रानडुक्कर असेल."

सासूबाईंचा चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा झाला.

"असेल," एवढंच म्हणून त्या रिकाम्या हाताने घरी आल्या.

रविवारी नणंद फाटकात उभी राहिली. वाफे उघडेबोडके, त्यावर मिठाचा पांढरा थर.

"अगंबाई! वहिनी, आता तर एकही दात उरला नाही!"

सासूबाईंनी तोंड उघडलं.

"आत्या," मागून आवाज आला. जावई! "आईंनी मुद्दाम मोकळे ठेवलेत. मातीला विश्रांती. मोठमोठ्या बागांतून आता हीच पद्धत आहे."

"आणि हे पांढरं?"

"खत. सहसा मिळत नाही."

नणंदेचे डोळे विस्फारले. "मग आम्हाला कोण सांगणार वहिनी? एकट्याच सुधारता!" आणि बघता बघता तिने पिशवी काढून खरवडून खरवडून ते खत भरून घेतलं, स्वतःच्या गुलाबांसाठी!

ती वळणापलीकडे गेल्यावर सासूबाई जावयाकडे वळल्या.

"एवढे दिवस तोंड उघडलं नाहीत जावईबापू, आणि उघडलंत ते धादांत खोटं बोलायला!" त्यांनी श्वास घेतला. "छान बोलता. असंच बोलत जा!"