आ कर म्हणणाऱ्या शरयूताई

पनवेलच्या मच्छीबाजारात आमच्या शरयूताई पापलेटाचे कल्ले उघडून बघायच्या आणि मग विकणारीला म्हणायच्या, "आता तू आ कर." कोळणी आधी भांडल्या, मग सरावल्या. एकजण तर ताईंना लांबून बघितलं की घाईघाईनं तोंडातली तंबाखूची मिश्री थुंकून यायची.

ताई खांदा कॉलनीत आमच्या शेजारी एकट्या राहायच्या. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत तोंडाच्या कॅन्सरवर काम करायच्या. पेशीतलं कुठलं जनुक बिघडलं की गाठ धरते, हे शोधत होत्या. कुणी 'तो आजार' असं कुजबुजलं की जिन्यातच गरजायच्या, "कॅन्सर म्हणा! नाव घेतल्यानं होत नाही, तंबाखूनं होतो!" सोसायटीच्या सत्यनारायणालाही त्या हे बोलल्या. पुढच्या वर्षी त्यांचा प्रसाद घरपोच आला.

दारावरचं 'डॉ.' बघून लोक ताप घेऊन यायचे. "माझ्याकडे औषधं नाहीत, प्रश्न आहेत," म्हणत ताई त्यांना परत पाठवायच्या. तोंड तपासूनच.

एकदा परदेशी नियतकालिकानं त्यांचा शोधनिबंध नाकारला. भारतातल्या प्रयोगशाळेत इतकं नेमकं काम होत असेल यावर परीक्षकाचा विश्वास बसत नव्हता. संस्थेतले साहेब म्हणाले, "बाई, तिकडच्या कुणाचं तरी नाव जोडा. लगेच छापतील."

"उभं राहून पाय माझे सुजलेत. नाव माझंच राहील."

ताईंनी वर्षभर खपून सगळे प्रयोग पुन्हा केले. निकाल तोच आला. टपालानं निबंध पाठवला आणि शिवाय कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून संपादकाला फॅक्स. मी सोबत होते. शेवटची ओळ होती: अजून शंका असेल तर स्वतः येऊन बघा, चहा मी देईन.

बूथवाला वाचून म्हणाला, "मॅडम, जरा कडक वाटतंय."

"चहा कडकच असतो. पाठव."

निबंध छापून आला. मी पेढे घेऊन गेले, तर ताई पर्स घेऊन दारात उभ्या. "सुनंदा, उरणला येतेस? एकटीला जमेलसं वाटत नाही."

ताईंच्या तोंडून असलं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

एसटीत त्यांनी सांगितलं. गाठीचा तुकडा अभ्यासासाठी द्याल का, हे विचारायला त्या स्वतः वॉर्डात जायच्या. उरणच्या एका कोळ्यानं लगेच होकार दिला होता. पुढे तो गेला. आम्ही त्याच्या घरी चाललो होतो.

त्याच्या बायकोनं आम्हाला ओटीवर बसवलं, पाणी दिलं. ताईंनी निबंध उघडला. "वहिनी, तुमच्या मालकांमुळे हे आम्हाला कळलं."

तिनं पानं उलटली. "यात त्यांचं नाव हाय?"

"नाव छापत नाहीत. नंबर असतो. सतरा."

"कुठं हाय?"

ताईंनी चित्रातल्या एका बारीक काळ्या पट्टीवर बोट ठेवलं. "हे ते. त्यांच्या गाठीच्या तुकड्याची खूण."

बाईनं हात पदराला पुसला आणि त्या पट्टीवरून हळूच बोट फिरवलं. मग विचारलं, "हे तवाच कळलं असतं, तर ते वाचले असते?"

जिन्यात गरजणाऱ्या, संपादकाला सुनावणाऱ्या ताईंनी निबंध मिटला. "माहीत नाही, वहिनी," त्या म्हणाल्या. "खरंच माहीत नाही."

बाई उठली. आत जाता जाता म्हणाली, "जेवून जावा. त्यांच्या नावानं कुणी आलंच नाय आमच्याकडं."

ताईंनी चपला काढल्या आणि तिच्या मागोमाग चुलीपाशी जाऊन बसल्या.