अत्यल्पपरिचित स्थळ

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडमागे जहीरभाईंचं गादीघर आहे आणि गादीघराच्या मागे घर. त्या घरात जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारी दुपारच्या जेवणावर एक ठराव मंजूर झाला. सूचक पत्नी शगुफ्ताबी, अनुमोदक मुलगी नाहीद. ठराव असा की, लग्नाला एकवीस वर्षं झाल्याच्या निमित्तानं कुटुंबानं चार दिवस सहलीला जावं. कुटुंबप्रमुख जहीरभाईंनी तटस्थ राहायचा प्रयत्न केला. पण तटस्थ सदस्यास दुसऱ्यांदा रस्सा वाढला जाणार नाही, असं सूचकांनी स्पष्ट करताच ठराव एकमतानं पार पडला.

यापूर्वी सहली झाल्याच नव्हत्या, असा आरोप कुणी करू नये. नागपूरला नणंदेकडे झाली, बल्लारपूरला मामेसासऱ्यांकडे झाली. एकदा तर वाघ बघायला मोहर्लीला झाली. पण जहीरभाईंच्या साडूचा भाचा मोहर्लीत जिप्सी चालवतो, हे ऐनवेळी उघडकीला आलं. आपल्या मुलखात ओळखीचं घर सोडून दुसरीकडे उतरणं म्हणजे त्या घराशी सात पिढ्यांचं वैर. तेव्हा सगळे भाच्याकडे उतरले. वाघ बाकीच्यांनी पाहिला. शगुफ्ताबी त्या वेळी अकरा जणांच्या चहाचं आधण पाहत होत्या.

"मले वाघ नाई पायजे, समुद्र नाई पायजे," शगुफ्ताबींनी अट घातली. "चार दिवस माह्या हातानं एक कप चहा होऊ नोको. बस, इतकंच. अशा जागी घेऊन चला, जिथी आपल्याले कोनी ओळखत नाई."

अट ऐकायला किरकोळ होती. पण ज्या घरात गिऱ्हाईक आलं की चहा, गिऱ्हाईक गेलं की चहा आणि कुणीच आलं नाही म्हणूनही चहा, तिथं ती घटनादुरुस्तीच होती.

नाहीदनं फोनवर शोध घेतला. 'वनांचल अल्पपरिचित पर्यटन प्रोत्साहन कक्ष' या नावाच्या कक्षानं गडचिरोली जिल्ह्यातली भाड्याची घरं जाहीर केली होती. त्यांत कोसमटोल्याचं एक घर तिच्या मनात भरलं. 'मातीचे अनुभवसिद्ध निवासस्थान. छतातून नैसर्गिक वातानुकूलन. पहाटे कोंबड्याची विनामूल्य सेवा. प्रेक्षणीय स्थळे: प्रतिध्वनी न येणारी टेकडी, तसेच वाघ न दिसण्याची हमी असलेला पाणवठा.'

"वाघ दिसत नाई, म्हणजे तिथी पाहुणे बी जात नसन," शगुफ्ताबी म्हणाल्या आणि त्यांनी त्याच संध्याकाळी नव्या चपला आणल्या.

जहीरभाई एसटीनं गडचिरोलीला गेले. कक्षात लिपिक गुणवंतराव बसले होते. त्यांना जहीरभाईंनी साधा प्रश्न केला, "साहेब, हे कोसमटोला नेमकं कुठी हाय?"

गुणवंतराव दुखावले. "या हापिसात कोनालेच मालूम नाई. म्हणून तर त्याले 'अत्यल्पपरिचित' दर्जा भेटला. आमी रस्ता सांगतला का दर्जा गेला."

"फाट्यावर पाटी तर असन?"

"हाय ना. चांगली लोखंडी पाटी लावली. पन कोरी. नाव लिवलं तर लोकायले समजन."

एवढी काटेकोर व्यवस्था पाहून जहीरभाई भारावले. त्यांनी अर्ज भरायला घेतला आणि कलम सातपाशी अडकले. गावात राहणाऱ्या आणि पर्यटकाला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोन व्यक्तींच्या सह्या त्यात आवश्यक होत्या.

"साहेब, आमाले तिथी कोनी ओळखत नाई म्हणूनच तर जाऊन राह्यलो."

"मंग तुमी म्हणजे तुमीच, हे तिथी कोन सांगन?"

जहीरभाईंनी आधार कार्ड पुढे केलं. गुणवंतरावांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माणसाकडे पाहिलं. "याच्यावरून तुमची घरवाली तरी ओळखन का तुमाले?" त्यांनी हळहळून विचारलं आणि अर्ज परत केला. स्थळ अनोळखी पाहिजे आणि माणूस ओळखीचा पाहिजे, असं योजनेचं धोरण होतं, आणि धोरणापुढे फोटोचं काय चालणार!

परतीच्या बसमध्ये जहीरभाई डोकं खाजवत बसले. त्यांना माणसांची नावं राहत नाहीत, गाद्या राहतात. आरमोरी मागे पडली आणि त्यांना एकदम आठवलं: चार बाय सहा, निळ्या फुलांचं कापड, गेल्या उन्हाळ्यात, लेकीच्या लग्नासाठी. गिऱ्हाईक सोमाजी, गाव कोसमटोला! त्यांनी तिथूनच फोन लावला.

"काऊन नाई ओळखत, जहीरभाऊ!" सोमाजी पलीकडून ओरडले. "तुमच्या गादीवर आमचा जावाई असा झोपते का हलवून उठवा लागते. अन् फोनवर पाह्यलं ते घर माहंच होय. पन भाडं गिडं काई बोलू नोका. ओळखीच्या मानसाकडून भाडं घेतलं तर गाव थुकन माह्यावर."

दुसऱ्याच दिवशी सोमाजी आणि त्यांच्या घरच्या आशाबाई, अशा दोघांच्या सह्या झाल्या. सह्यांचा कागद घेऊन जहीरभाई आणि सोमाजी हसत हसत कक्षात गेले. गुणवंतरावांनी कागद वाचला, उभं राहून जहीरभाईंशी हात मिळवला आणि म्हणाले, "अभिनंदन. तुमची ओळख सिद्ध झाली. अर्ज नामंजूर."

"काऊन?"

"योजना पर्यटकासाठी हाय. ओळखीचा मानूस आला तर तो पाहुणा. पाहुण्याले भाड्याचं घर देता येत नाई. त्यानं पाहुण्यासारखं राहाव अन् त्याच्या घरवालीनं सैपाकघरात हात लावाव, अशी रूढी हाय. रूढीत आमी दखल देत नाई."

जहीरभाई बाकावर बसले. घरी शगुफ्ताबींनी चार दिवसांचे कपडे धुऊन, घड्या घालून ठेवले होते. नव्या चपला पेटीवर होत्या, त्या रोज एकदा घालून घरातल्या घरात चालून पुन्हा काढल्या जात होत्या. अख्ख्या तालुक्याला मऊ झोपवणाऱ्या माणसाला आपल्या बायकोची पाठ दिवसा कधी टेकलेली आठवेना. त्यांना खरोखर लाज वाटली. ते म्हणाले, "साहेब, काई तरी रस्ता काढा."

रस्ता काढा म्हटलं की गुणवंतरावांमधला माणूस जागा होई. नाहीतर ते लिपिक असत. त्यांनी नियमांचं पुस्तक उलटीकडून उघडलं. "यजमानाले ओळख लागत नाई," ते हळूच म्हणाले. "यजमान म्हणजे घरचाच. घरच्याले कोन पुसते? मूळ यजमान रजेवर गेला का त्याच्या घरी 'प्रभारी यजमान' नेमता येते. सोमाजीभाऊ, तुमी चार दिवस रजेवर जा."

"जाऊ कुठी पन?"

"माह्या घरी जा!" जहीरभाई उठून उभे राहिले. "ब्रह्मपुरीले. घर खालीच राह्यन."

सोमाजींनी आशाबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "तिथी चहा मले कराचा हाय का?" नाही म्हणताच पलीकडून पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला.

गुणवंतरावांनी दोन नवे अर्ज घेतले. "यजमान म्हणून नाव कोनाचं टाकू? बायांचं?"

"माहं टाका," जहीरभाई छाती काढून म्हणाले. "घरचा मालक मीच ना!" सोमाजींनीही मिशीवरून हात फिरवत तेच सांगितलं. दोघांनी खाली बारीक अक्षरांतल्या मजकुराशेजारी सह्या ठोकल्या. बारीक अक्षरं वाचायची असती, तर ती मोठी छापली नसती का?

आणि सहल झाली! वैनगंगा ओलांडून, कोऱ्या पाटीपाशी वळून तिघं कोसमटोल्यात उतरली. धान निघून शेतातल्या बांध्या मोकळ्या झाल्या होत्या. अंगणात बोरीखाली खाट होती. शगुफ्ताबी त्या खाटेवर बसल्या, मग आडव्या झाल्या आणि मग त्यांनी पायावर पाय टाकला. चहा-नाश्ता, जेवणखाण चौकातल्या धुरपताबाईंच्या टपरीवरून येत होतं. दुपारी सगळे प्रतिध्वनी न येणाऱ्या टेकडीवर गेले. जहीरभाईंनी खात्री करण्यासाठी जोरात हाक मारली, "शगुफ्ताऽ!" प्रतिध्वनी आला नाही. शगुफ्ताबींकडूनही 'आली' असं आलं नाही. एकवीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. नाहीद हसून हसून खाली बसली आणि शगुफ्ताबी ओढणीत तोंड लपवून हसत राहिल्या.

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी टपरीला कुलूप दिसलं. ब्रह्मपुरीहून आशाबाईंचा फोन आला होता म्हणे, 'इथी लय बेस हाय, तू बी ये.' धुरपताबाई पहिल्या बसनं रजेवर निघून गेल्या होत्या.

आणि तेवढ्यात दारात जीप थांबली. गुणवंतराव दोन सहकाऱ्यांसह उतरले. ते तपासणी पथक होतं. गाव कुठं आहे हे माहीत नसल्यामुळे त्यांना यायला दोन दिवस लागले होते.

"कलम एकोणीस," अंगणातल्या खुर्चीवर बसत गुणवंतराव म्हणाले. "यजमानानं पथकाले स्वहस्ते चहा देणे. दुसऱ्याच्या हातचा चहा चालत नाई. चहा झाला नाई तर घर अपात्र, मुक्काम आजच रद्द."

जहीरभाईंची नजर सवयीनं खाटेकडे गेली. शगुफ्ताबींनी पायावरचा पाय काढला नाही. "यजमान तुमी ना," त्या म्हणाल्या. "छाती काढून नाव टाकलं, आता बर्तन काढा."

जहीरभाई आत गेले. फळीवर एका ओळीत चौदा डबे होते, सगळे सारखे, सगळे बंद. त्यांनी लगेच सोमाजींना फोन लावला. तो लागेना, कारण सोमाजी त्याच वेळी त्यांना लावत होते. अखेर एकदाचा लागला.

"सोमाजीभाऊ, तुमच्या घरी चहापत्ती कुठी ठेवता?"

"मले काय मालूम?" सोमाजी घायकुतीला आले होते. "तुमचीच कुठी हाय ते सांगा पयले! तुमची आत्या, फुफी का काय ते, आली, पाच जनं घेऊन. आशा अन् धुरपता बाजारात बांगड्या भराले गेल्या, फोन घरीच ठेवून!"

"माह्या घरची... लाल डब्यात असन. नाईतर पिवळ्या."

"इथी लाल बी नाई अन् पिवळा बी नाई, जहीरभाऊ. सगळे स्टीलचे हायत!"

जहीरभाईंना घाम फुटला. ज्या घरात त्यांनी पंधरा हजार दिवस... नाही, एवढे नसतील, पण पुष्कळ दिवस चहा प्यायला होता, तिथल्या डब्यांचा रंगही त्यांना ठाऊक नव्हता. ते बाहेर आले. "शगुफ्ता, करू नोको तू. फक्त अंदाजानं सांग, पत्ती कुठी असन?"

"हे माहं घर थोडी हाय," शगुफ्ताबी म्हणाल्या. मग त्या पथकाकडे वळल्या. "साहेब, तुमच्या घरी कुठी असते?"

तपासणी पथकातल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं घसा खाकरला. दुसऱ्यानं ही बाब आपल्या कार्यक्षेत्रात येत नसल्याचं सांगितलं. गुणवंतरावांनी बोरीखाली पडलेली बोरं मोजायला घेतली.

शेवटी जहीरभाईंनीच अंदाजानं नववा डबा उघडला. आत काळपट काहीतरी होतं. ते त्यांनी चार चमचे टाकून उकळलं, दूध घातलं आणि गाळून दिलं. पथकानं नियमानुसार कप रिकामे केले. ती जवसाची चटणी होती, हे नाहीदला वासावरून कळलं होतं. पण तिला शासकीय तपासणीत व्यत्यय आणायचा नव्हता. गुणवंतरावांनी डोळे पुसत शेरा लिहिला: 'चव स्थानिक. किंचित तिखट.'

खाली अहवाल जोडला: 'कोसमटोला परिसरातील टेकडी व पाणवठा ही स्थळे तुलनेने सर्वज्ञात आढळली. तथापि यजमानाच्या राहत्या घरातच, अंगणापासून सात पावलांवर, एक अत्यल्पपरिचित स्थळ पथकास आढळून आले. पुरुषवर्ग तिथे पूर्वी गेल्याच्या खुणा नाहीत. सखोल अभ्यासासाठी दोन्ही घरांतील मुक्काम आठ दिवसांनी वाढवण्यात येत आहे.'

शगुफ्ताबींनी अहवाल ऐकला, उशी सरळ केली आणि डोळे मिटले.

अशा दुर्मिळ स्थळाविषयी वाचून तुम्हालाही तिकडे जायची ओढ लागली असेल. पत्ता देता येत नाही, दर्जा जाईल. पण कक्ष आता घरोघरी सर्वेक्षण करतो आहे, त्याची तयारी करून ठेवा. प्रश्न एकच असतो. हा मजकूर वाचताना तुमच्या हाताशी जो चहा आहे, त्याची पत्ती तुमच्या घरात कोणत्या डब्यात असते? जागेवरून उठू नका. आणि आत हाक मारून विचारू नका.