अकरा टक्के अण्णा

तळवडी नगरपरिषदेच्या श्वान निवारा केंद्रात जूनमध्ये आणलेल्या एका तपकिरी कुत्र्याच्या वंशाचा अंदाज घेतला, तेव्हा त्यात बेचाळीस टक्के गावठी, एकवीस टक्के लॅब्राडॉर, सतरा टक्के कारवानी, नऊ टक्के पामेरियन आणि अकरा टक्के भालचंद्र बिडवे निघाले.

अंदाज रेश्मा मुजावर यांनी घेतला होता. नगरपरिषदेत अंदाज अधिकारी म्हणून त्यांना आठ वर्षं झाली होती. अंदाज नुसत्या दिसण्यावरून घ्यायचा, असा नियम आहे. रक्त तपासायचं नाही, कारण रक्तावरून निघालेल्या उत्तराला अंदाज म्हणता येत नाही. मुजावर मॅडमनी कुत्र्याला सात पावलांवरून तीन बाजूंनी पाहिलं, एकदा बसवून पाहिलं आणि फॉर्म भरला. पूर्वी एका कुत्रीत तीन टक्के पोस्टमास्तर निघाले होते, पण तेव्हा कोणाला कळवावं लागलं नव्हतं. माणूस पाच टक्क्यांच्या वर गेला की मात्र संबंधित इसमाला नोटीस द्यावी लागते.

भालचंद्र बिडवे बहात्तर वर्षांचे होते. जमीन मोजणीच्या खात्यातून ते निवृत्त झाले होते. पत्नी गेल्यापासून बाजारामागच्या घरात एकटेच राहायचे. नोटीस मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, कार्यालय उघडायच्या आधी ते दारात उभे होते.

"कशावरून अकरा टक्के?" त्यांनी खुर्चीत बसायच्या आतच विचारलं.

"कपाळावरून, मुख्यतः," मुजावर मॅडम म्हणाल्या. "दोन उभ्या आठ्या आहेत, त्यातली डावी जरा लांब. शिवाय कोणी जवळ आलं की तो आधी पायांकडे बघतो, मग तोंडाकडे."

"हे कुठल्याही कुत्र्यात सापडेल."

"सात टक्क्यांपर्यंत सापडतं. म्हणून आम्ही सात सोडूनच मोजतो."

बिडव्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "म्हणजे माझ्यातले अकरा कमी झाले का?"

"नाही, नाही. तुम्ही शंभरच आहात. हे वरचे."

त्यांना कुत्रा दाखवण्यात आला. कुत्र्याने बिडव्यांच्या चपलांकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं आणि काही विशेष नाही असं ठरवून मान वळवली. बिडव्यांनीही तोवर तेच ठरवून मान वळवली होती. त्यांनी हरकत अर्ज मागितला, तिथेच बसून तीन पानी हरकत लिहिली आणि पोच घेऊन ते घरी गेले.

हरकतीची मुदत पंधरा दिवस होती. बाराव्या दिवशी केंद्रात दुसरा एक अर्ज आला. कुत्रा दत्तक मिळावा, असा तो अर्ज होता. अर्जदार इंदुमती लोहोकरे, वय अडुसष्ट, राहणार पिठाच्या गिरणीवर, पहिला मजला. 'प्राण्याशी नातं असल्यास' या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : 'भाऊ (अंशतः)'.

इंदूताई भालचंद्र बिडव्यांच्या सख्ख्या धाकट्या बहीण. दोघं एकाच गावात राहायची आणि एकोणीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. इंदूताईंच्या मुलीच्या लग्नात अण्णांनी, म्हणजे बिडव्यांनी, ऐन मुहूर्तावर खिशातून टेप काढून मांडव मोजला आणि तो साडेतीन फूट सरकारी रस्त्यात असल्याचं मोठ्याने जाहीर केलं. मुलाकडची मंडळी कायद्याला घाबरणारी होती. मंगलाष्टकं चालू असताना चार खांब उपटून आत घ्यावे लागले आणि तोवर वऱ्हाडी कनाती हातात धरून उभे राहिले. अण्णांचं म्हणणं, माप बरोबर होतं. इंदूताई ते नाकारत नव्हत्या. त्यांनी बोलणं बंद केलं, एवढंच.

हरकत आणि अर्ज दोन्ही एकाच कुत्र्याबद्दल असल्यामुळे सुनावणी एकत्र झाली. कुत्र्याला टेबलाच्या मध्यावर, दोन्ही पक्षांपासून सारख्या अंतरावर बसवलं होतं.

"मूळ इसम गावात उपलब्ध असताना तुम्हाला कुत्रा कशाला हवा?" मुजावर मॅडमनी विचारलं.

"पूर्ण भावाशी बोलायला गेलं, मॅडम, की बाकीचे एकोणनव्वद टक्के मध्ये येतात," इंदूताई म्हणाल्या. "अकरा मला झेपतील."

"यांना सांगा," बिडवे मॅडमना म्हणाले, "की त्या कुत्र्यात मी नाहीच. मी हरकतीत सविस्तर लिहिलंय. मला बटाटा आवडत नाही, तो बटाटा खातो. मी डाव्या कुशीवर झोपतो, तो उजव्या."

"लहानपणी उजव्याच कुशीवर झोपायचे," इंदूताई म्हणाल्या. "कान फुटला तेव्हापासून डावीकडे वळले. बटाटासुद्धा खायचे. आई वाढायची तेव्हा."

बिडव्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"ओळख पटवायला आणखी काही आहे का?" मॅडमनी विचारलं.

इंदूताईंनी खुर्चीवरून जरा पुढे होऊन हाक मारली, "अण्णा!"

कुत्रा आणि बिडवे, दोघांनीही एकदम माना वळवल्या. दोघांनीही डावीकडून वळवल्या आणि दोघांच्याही कपाळावर आठ्या होत्या. मुजावर मॅडमनी तशी नोंद केली आणि वेळही लिहिली : अकरा वाजून वीस मिनिटं.

हरकत फेटाळली गेली. तेव्हा मात्र बिडवे उठून उभे राहिले.

"म्हणजे माझे अकरा टक्के दुसऱ्याच्या घरात राहणार आणि मला कोणी विचारणारसुद्धा नाही?"

"दुसऱ्याच्या नाही. बहिणीच्या," मॅडम म्हणाल्या. "आणि विचारलंय. आदेश वाचा."

आदेशात असं होतं की कुत्रा श्रीमती लोहोकरे यांच्याकडे राहील आणि श्री. बिडवे यांना दर शनिवारी दुपारी चार ते सहा या वेळेत स्वतःला भेटता येईल. अंदाजाचं नूतनीकरण वर्षाने.

पहिल्या शनिवारी बिडवे चारला पाच कमी असताना गिरणीपाशी आले आणि चार वाजेपर्यंत खालीच थांबले. मग जिना चढले. इंदूताईंनी दार उघडलं, त्यांच्याकडे न बघता आत गेल्या आणि स्वयंपाकघरातून कुत्र्याला म्हणाल्या, "विचार त्यांना, चहात साखर चालते का अजून?"

कुत्र्याने बिडव्यांकडे पाहिलं.

"चालते म्हणावं," बिडवे कुत्र्याला म्हणाले. "अर्धा चमचा."

सगळं बोलणं याच मार्गाने होऊ लागलं. कुत्रा बोलत नसे, पण ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे बघून तो निरोप पोचवत असे आणि त्याने कधी निरोप चुकवला नाही. गुडघेदुखी, नागपूरची भाची, गिरणीवाल्याचा नवा पट्टा, असे विषय निघायचे. सहा वाजले की बिडवे वाक्य अर्धं सोडून उठायचे, कारण आदेशात सहा लिहिलं होतं. उरलेलं अर्धं वाक्य पुढच्या शनिवारी पुरं व्हायचं.

ऑक्टोबरात इंदूताईंना ताप आला. त्या पडून राहिल्या आणि कुत्र्याने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, त्यांनी गिरणीवाल्याकडून निरोप धाडला : 'अकरा टक्के जेवत नाहीत.' मंगळवारी भेट घेता येते की नाही, हे आदेशात नव्हतं. बिडव्यांनी आदेश दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि निघाले. त्यांनी खिचडी केली. ती थोडी कच्ची राहिली. कुत्र्याने खाल्ली. इंदूताईंनीही खाल्ली आणि भिंतीकडे तोंड करून कुत्र्याला सांगितलं, "मीठ बरोबर पडलंय म्हणावं."

वर्ष झालं तेव्हा मुजावर मॅडम नूतनीकरणासाठी घरी आल्या. त्यांनी सात पावलं मोजली. ती खोलीत मावेनात, म्हणून त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या आणि कुत्र्याला तीन बाजूंनी पाहिलं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"वीस," त्या म्हणाल्या.

"काय वीस?" बिडव्यांनी विचारलं. शनिवार नव्हता, पण ते आलेले होते.

"तुम्ही. अकराचे वीस झालात. सहवासाने होतं. आता हे नऊ कशातून तरी वजा करावे लागतील, बेरीज शंभरच यायला हवी. कशातून करू?"

"लॅब्राडॉरमधून करा," बिडवे म्हणाले. "एकवीस म्हणजे उगाच जास्त आहे."

"लॅब्राडॉरला हात लावायचा नाही," इंदूताई म्हणाल्या. "त्याच्यामुळे तो माझ्या पायाशी झोपतो."

"मग कारवानी?"

"अण्णा, अरे कारवानी काढलंस तर पाय उरतील का त्याचे? फिरायला कोण नेणार तुला?"

"गावठी कमी कर की मग थोडं!"

"गावठीवर त्याची तब्येत आहे. तुला ना, इतरांचं कमी करायची सवयच आहे."

"इंदे, साडेतीन फूट होतं ते. मी आजही सांगेन, साडेतीन."

"होतं ना! कोण नाही म्हणतंय? पण खांब दुपारी काढले असते तर रस्ता पळून जाणार होता का?"

मुजावर मॅडम फॉर्मकडे बघत बसल्या. कुत्रा आळीपाळीने दोघांकडे बघत होता, पण त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. थोड्या वेळाने तो सतरंजीवर गेला आणि झोपला.

"नसता पळाला," शेवटी बिडवे म्हणाले.

"लिहा मॅडम," इंदूताई म्हणाल्या. "पामेरियनमधून."

"पामेरियन नऊच आहे. पूर्ण जाईल."

"जाऊ दे," बिडवे म्हणाले. "गिरणी सुरू झाली की भुंकतं ते तेच."

दोघांनी सह्या केल्या. पामेरियन निघाल्यावर वळलेली शेपटी सरळ व्हायला तीन-चार दिवस लागतात, असं मॅडमनी जाताना सांगितलं. तोवर कुत्र्याचा तोल जातो, तेव्हा त्याला जिन्यावरून एकट्याने उतरू द्यायचं नाही, कोणीतरी उचलून न्यायचं. इंदूताईंच्या गुडघ्यांना ते होण्यासारखं नव्हतं, म्हणून बिडवे तिथेच राहिले. ते सकाळ-संध्याकाळ कुत्र्याला कडेवर घेऊन जिना उतरायचे आणि चढायचे आणि गिरणीत दळायला आलेल्या बायका त्यांना वाट द्यायच्या.

शेपटी चौथ्या दिवशी दुपारी, जेवणं चालू असताना सरळ झाली. इंदूताईंनी अण्णांच्या पानात आणखी एक पोळी वाढली.