गदेला पाय फुटले

“नजर ससाण्याची, कान वटवाघळाचे, आणि डोक्याला अजून उपमा सापडलेली नाही,” अशी पौलियासी स्वतःची ओळख करून देत असे. त्याची बायको वीका जवळपास असली तर म्हणे, “नीरफणस आहे की.” पण पौलियासी असल्या बोलण्याकडे लक्ष देत नसे. मोठ्या माणसांना घरात किंमत नसते हे त्याला पाठ होतं, आणि घरात आपल्याला अजिबात किंमत नाही, तेव्हा आपण किती मोठे असू, असा त्याचा सरळ हिशेब होता.

दूर दक्षिणेच्या समुद्रातल्या संपूर्ण वावाउ बेटांवरचा तो एकमेव गुप्तहेर. त्याआधी तो व्हॅनिला वाळवण्याच्या वखारीवर राखणदार होता. एका दुपारी तो पोत्यांवर झोपला असताना चोरांनी पोती नेली आणि त्याला अलगद जमिनीवर ठेवून दिलं. डोक्याखाली उशी म्हणून एक वहाणही सरकवली. चोरीचा इतका जवळून अनुभव घेतलेला माणूस दुसरा कोण असणार? नोकरी गेली त्या दिवसापासून पौलियासीने गुन्हेगारीचा नायनाट करायचं मनावर घेतलं. त्याच्याकडे आईचं बायबल वाचायचं भिंग होतं. त्याला मधोमध तडा गेला होता, त्यामुळे पौलियासीला प्रत्येक पुरावा दोनदा मिळत असे.

मंगळवारी सकाळी तो पायरीवर बसून गुन्ह्याची वाट बघत होता, तेव्हा लिसिआते धापा टाकत आला. लिसिआते म्हणजे फेरीबोटीवरचा जुना इंजिनवाला. बायको वारली, नोकरी संपली, तेव्हापासून त्याने जुन्या पद्धतीच्या युद्धगदा कोरायचं वेड घेतलं होतं.

“पौलियासी, माझी गदा गेली.”

“कुठे?”

“ते कळलं असतं तर तुझ्याकडे कशाला आलो असतो?”

“म्हणजे ठिकाण अज्ञात,” पौलियासी मान डोलावत म्हणाला. “सुरुवात चांगली आहे.”

लिसिआतेच्या गदा गावाला ठाऊक होत्या. पहिली उघडं दार आपटू नये म्हणून दाराला टेकू होती. दुसरीला डुक्कर बांधलेलं असे. तिसरीने खिडकीची झडप तोलून धरली होती आणि चौथीने कावा या गुंगी आणणाऱ्या पेयासाठी मुळं कुटली जात. लढाईला नेण्यासारखी त्यांतली एकही नव्हती. दरवर्षी चर्चच्या वर्धापनाच्या आठवड्यात, शनिवारी, हिरवळीवर हस्तकलेचं प्रदर्शन भरे आणि दरवर्षी पहिलं बक्षीस शेजारच्या गावचा काफोआ नेई. मागल्या वर्षी परीक्षकांनी लिसिआतेच्या गदेवरचं कासव निरखून पाहिलं होतं आणि मोठ्या मनाने म्हणाले होते, “नीरफणस छान कोरलाय हं.” गाव आठवडाभर हसलं. कावा प्यायला बसलेल्या मंडळींत लिसिआतेने तेव्हा शपथ घेतली होती, की पुढल्या वर्षी हसलात तर वाकस, पटाशा, सगळी औजारं समुद्रात बुडवीन आणि उरलेला जन्म बाकीच्या म्हाताऱ्यांसारखा माश्या मारत काढीन.

हरवलेली गदा त्या शपथेनंतरची होती. सुरूचं लाकूड, लोखंडाला हात टेकायला लावणारं. वर्षभर त्याने ते तासलं होतं, त्यावर माणसं कोरली होती, पक्षी कोरले होते, आणि अगदी शेवटी श्वास रोखून एक कासव. मग खोबरेल चोळून चोळून तिला अशी झळाळी आणली होती की तिच्यात बघून दाढी करावी. सोमवारी दुपारी तो डुलकी काढून उठला तर ओसरीवरची गदा नाहीशी! संध्याकाळची प्रार्थना बुडवून त्याने रात्रभर घर-अंगण पालथं घातलं होतं.

“पण मला सांग,” लिसिआते आवाज खाली आणून म्हणाला, “चोरली म्हणजे... कोणाला तरी हवी होती, नाही का रे?”

त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण त्या दुःखाच्या मागून काहीतरी हसत होतं. गेल्या आठ वर्षांत त्याच्या गदा ओसरीवर, अंगणात, रस्त्यावर पडून असत. त्यांना कधी कोणी हात लावला नव्हता. एकदा तर रस्त्यावर पडलेली गदा लोकांनी आठवणीने परत आणून दिली होती.

पौलियासीने घटनास्थळाची पाहणी केली. दारातल्या टेकू-गदेला ठेचकाळून तो आत पडला आणि पडल्यापडल्याच त्याने जमीन तपासली.

“भुसा!” तो ओरडला. “म्हणजे वाळवीने खाल्ली.”

“अरे, तो मी तासलेला भुसा आहे. आणि सुरूला वाळवी लागली तर वाळवीचेच दात पडतील.”

“वाळवीला संशयातून मुक्त करतो,” पौलियासी उदारपणे म्हणाला. “आता एक सांग, ओसरीवर कोण कोण आलं होतं?”

“कोणीच नाही. परकं कोणी नाही.”

इतक्यात अंगणातून लिसिआतेची थोरली बहीण तोकिलुपे गेली. ती शेजारच्याच घरात राही. चर्चच्या महिला मंडळाची ती प्रमुख होती. तिथल्या रीतीप्रमाणे कमरेला मानाची चटई गुंडाळून ती प्रार्थनेला निघाली की कोंबड्यासुद्धा वाट सोडत. दोघा पुरुषांनी बोलणं थांबवलं, पाय आखडून घेतले आणि माना खाली घातल्या. बहीण समोर असताना भावाने चोरीचिपाटीच्या गप्पा माराव्यात ही काय रीत झाली? तिच्या काखेत काय होतं ते बघायला दोघांपैकी एकाचीही नजर जमिनीवरून उठली नाही. ती फाटकाबाहेर गेल्यावर पौलियासीने गळा साफ केला.

“तर काय म्हणत होतो, चोर अत्यंत सावध आहे. डोळ्यांना दिसत नाही.”

निघताना त्याने लिसिआतेला कडक ताकीद दिली. गुन्हेगार पुन्हा घटनास्थळी येतो, तेव्हा जागा सोडायची नाही, प्रार्थनेलाही जायचं नाही. लिसिआते बिचारा ओसरीवर बसून राहिला.

तेवढ्यात चर्चच्या आवारातला लाकडी ढोल घुमला. धडाम्! धडाम्! वर्धापनाच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेचं बोलावणं असे. इतकी वर्षं तो ढोल म्हाताऱ्याने खोकावं तसा खोकत आलेला. यंदा मात्र त्याला आवाज फुटला होता. बंदरात उभ्या असलेल्या बोटींवरचे लोक बाहेर येऊन बघत.

“ढोलाचा आवाज बदललाय, नाही?” दुपारी अळूची पानं निवडताना वीका म्हणाली.

“वीका, केस गदेची आहे, ढोलाची नाही. त्या ढोलामुळेच माझे विचार तुटतात.” आणि पौलियासीने कानांत कापसाचे बोळे घातले.

बुधवारी त्याने गावभर चौकशी केली. प्रत्येक दारात त्याचा प्रश्न एकच, “लिसिआतेची गदा कोणी चोरली?” आणि प्रत्येक दारातून उत्तर एकच, “चोरली? छे, कोणीच नाही चोरली.”

“अख्खं गाव सामील आहे,” त्याने घरी येऊन जाहीर केलं. “शब्दसुद्धा सगळ्यांचे सारखे!”

“खरं बोलणाऱ्यांचे शब्द सारखेच असतात रे.”

“आणि बंदरातल्या त्या गोऱ्याची शिडाची बोट? समज, तो गोरा रात्री पोहत आला असता, समज, त्याला गदांची पारख असती, आणि समज...”

“आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं,” वीका म्हणाली. त्या बेटांवर खरं तर आत्याबाईला मिशांची गरजच पडत नाही, ती तशीही सगळ्या काकांच्या वर असते. पण हे पुढे येईलच.

गुरुवारी पौलियासी मुख्य संशयिताकडे, म्हणजे काफोआकडे, गेला. काफोआने त्याला नारळाच्या दुधातले मासे वाढले. पौलियासीने दोनदा मागून घेतलं, मग भिंग डोळ्याला लावून एकदम विचारलं, “गदा कुठे लपवलीस?”

“मी कशाला लपवू?” काफोआ म्हणाला. मग पडेल आवाजात पुढे म्हणाला, “महिन्यापूर्वी त्याच्या ओसरीवरून येताना बघितली होती मी ती. घरी आलो तर माझी मला बघवेना. चोरीला गेली म्हणतोस? खरंच ना? देव पावला.”

“कबुली!” पौलियासीने घरी आल्याआल्या आरोळी ठोकली. “काफोआ म्हणाला, देव पावला. म्हणजे चोरी देवाच्या नावाने झाली. म्हणजे चर्चचा कोणीतरी माणूस यात आहे!”

वीकाने हातातली पळी खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा नवरा बरोबर बोलला होता, आणि तेही चुकून.

“कानातला कापूस काढ,” ती म्हणाली. “काढलास? आता ऐक. गदा ढोलाजवळ आहे. ढोलाचा दांडका शनिवारी मोडला. तोकिलुपेताई सोमवारी भावाच्या ओसरीवर गेल्या, गदा उचलली आणि घेऊन आल्या. चार दिवस दोन वेळा त्याच गदेने ढोल बडवतायत. अख्ख्या गावाने बघितलंय. तू एकदा तरी प्रार्थनेला आला असतास तर तुलाही दिसलं असतं.”

“मग कोणी सांगितलं का नाही?”

“तू विचारलंस, चोरली कोणी? बहिणीने भावाची वस्तू नेली तर चोरी कशी होईल? तिची भूक ती भावाच्या हंडीतून भागवते, कोणी नाव ठेवतं का?”

पौलियासीने कापसाचे बोळे खिशात घातले. “मला हा संशय पहिल्यापासून होता,” तो म्हणाला.

दोघं लिसिआतेकडे गेले. तो ओसरीवरच होता, तीन दिवसांची दाढी, शेजारी उकडलेला कंद तसाच पडलेला. वीकाने त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकलं, आणि त्या दुःखामागचं हसणारं जे काही होतं ते विझून गेलं.

“म्हणजे चोरीला नाही गेली,” तो म्हणाला.

“नाही.”

“दाराला एक झाली, डुकराला एक झाली. आता ढोलाला एक.” तो उठला आणि वाकस, पटाशा एका करंडीत भरू लागला. बहिणीकडे परत मागायचं त्याच्या मनातही आलं नाही. मागणार कोणत्या तोंडाने? बहिणीला भाऊ नाही म्हणत नाही, आणि दिलेलं मागत तर नाहीच. त्याच्याकडे बघून वीकाला भडभडून आलं. पौलियासीलाही आलं, पण गुप्तहेराने रडू नये म्हणून त्याने भिंगातून रडून घेतलं.

“थांब, भाऊजी,” वीका डोळे पुसत म्हणाली. “ताईंकडून तू मागू शकत नाहीस. पण ताईंच्या वर कोणी आहे की नाही?”

होतं. मानूसिऊ आत्या! लिसिआतेच्या आणि तोकिलुपेच्या वडिलांची थोरली बहीण. दात दोन, नजर अधू आणि अधिकार अमर्याद. भाच्यांच्या घरात तिने सूर्य मागितला तर तो उतरवायला शिडी आणावी लागे.

शुक्रवारी वीका पानांत भाजलेलं मांस घेऊन आत्याकडे गेली. आत्याने ते शेवटच्या घासापर्यंत संपवलं, सगळं ऐकलं, आणि एकटीच टुकूटुकू चालत तोकिलुपेच्या दारात उभी राहिली.

“ती दे.”

तोकिलुपेने गदा दोन्ही हातांनी पुढे केली. गावाला धाक दाखवणारी बाई, पण आत्यासमोर मान खाली.

“आता द्या आत्या,” वाटेत थांबलेली वीका म्हणाली, “मी लिसिआतेला पोचवते.”

“कोणाला पोचवते?” आत्याने गदा जमिनीवर टेकून तिच्यावर भार दिला. “मला काठी हवीच होती. काय तोल आहे गं हिचा!”

झालं! म्हातारीच्या वर गावात कोणीच नव्हतं. तिच्या वरचे सगळे चर्चमागच्या वाळूत पुरलेले होते.

शनिवार उजाडला. जुन्या मोडक्या दांडक्याने ढोल पुन्हा खोकला. हिरवळीवर टेबलं मांडली गेली. मध्यभागी काफोआची गदा, आणि तिच्याशेजारी लिसिआतेची जागा रिकामी. लिसिआते सगळ्यांत मागे, बहिणीपासून रीतसर लांब बसला होता. औजारांची करंडी त्याने पायाशी ठेवली होती, कार्यक्रम संपला की थेट धक्क्यावर जायचं म्हणून. पुढे, सगळ्यांत उंच चटयांच्या थप्पीवर, मानूसिऊ आत्या गदा मांडीवर आडवी घेऊन बसली होती.

परीक्षक काफोआच्या गदेला मान डोलावून पुढे निघाले, तोच आत्याने गदा जमिनीवर आपटली. ठक्क!

“ही कोण बघणार?”

परीक्षक लगबगीने गुडघ्यांवर आले. “आत्याबाई, जरा हातात घेऊ?”

“नाही. माझ्या हातात असतानाच बघ.”

तेव्हा परीक्षक सरळ हिरवळीवर उताणे झोपले आणि खालून बघू लागले. मागे लिसिआतेने श्वास रोखला होता, कोरताना रोखला होता तसाच.

“हे पक्षी,” परीक्षक बोटाने मोजत म्हणाले. “ही माणसं. आणि हे... हे कासव! बघा तरी, पोहतंय!”

हिरवळीवर कोणी हसलं नाही.

“कोरली कोणी?” परीक्षकांनी विचारलं.

“माझ्या भावाच्या मुलाने.”

तेव्हा तोकिलुपे बोलली. भावाकडे न बघता, आत्याकडे तोंड करून, पण हिरवळीच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात. “आठ वर्षं त्याच्या ओसरीवरून जातेय मी. कधी एकीला हात लावावासा वाटला नाही. ही पाहिली आणि उचललीच.”

लिसिआतेने मान खाली घातली. बहीण समोर होती म्हणून, आणि डोळे भरले होते म्हणूनही. पायाने त्याने औजारांची करंडी हळूच आपल्या बुडाखाली सरकवली.

पहिलं बक्षीस मानूसिऊ आत्याच्या नावाने जाहीर झालं, कारण गदा तिची होती. बक्षीस म्हणून मोठी बारीक विणीची चटई होती. ती आत्याने थप्पीवर टाकली आणि आणखी उंच बसली. काफोआने येऊन लिसिआतेच्या पाठीवर थाप मारली, ती जरा जोरातच.

सोमवारी पौलियासी केसचा समारोप करायला लिसिआतेकडे गेला. लिसिआते ओसरीवर नवीन सुरूचा ओंडका तासत होता. शीळ घालत होता.

“गुन्हा मी उघडकीला आणला,” पौलियासी म्हणाला, “आता पुढचं सांभाळ. आधी बहिणीने नेली, मग आत्याने. गावात अजून बायका आहेत. माझा सल्ला ऐक, दाराला चांगलं कुलूप घाल.”

लिसिआतेच्या हातातला वाकस थांबला. “कुलूप?” तो घाबरून म्हणाला. मग उठून त्याने टेकूची गदा पायाने सरकवली, दार सताड उघडलं, टेकू पुन्हा पक्का लावला आणि ओंडका रस्त्यावरून नीट दिसेल असा पुढे ओढला. “वेडा आहेस का तू? मग कोणी नेणार कशी?”