बशीसकट चहा

महापौरांनी पाणी समितीचं अध्यक्षपद तीन जणांना देऊन टाकलं होतं आणि तिघेही दिवाणखान्यात पेहराव करून बसले होते. पद एकच होतं. दुपारच्या आत नाव जाहीर करायचं होतं. उरलेले दोघे आपापले नगरसेवक घेऊन विरोधकांकडे गेले की महापौरांची खुर्ची जाणार, हे उघड होतं.

"साहेब, तिघांनाही हो कसं म्हणालात?" स्वीय सहायकाने विचारलं.

"तिघांनाही बशी आली होती," महापौर म्हणाले.

बाईसाहेब वारल्यापासून साहेब धड जेवत नाहीत, त्याचाच हा परिणाम असं सहायकाला वाटलं. मग महापौरांनी दार लावून घेऊन सगळं सांगितलं. लोकांना बाई दिसायच्या त्या फोटोत, फीत कापताना कात्रीचं तबक धरून उभ्या. पण घरी कुणी कामासाठी आलं की आतून त्याचा चहा त्याच पाठवायच्या. कुणाला नुसता कप, कुणाला बशीसकट. बशीवाल्याचं काम केलं की नाव होतं आणि नुसत्या कपवाल्याचं केलं की चौकशी लागते, हे महापौरांना हळूहळू उमगलं. तेव्हापासून ते माणसाकडे बघेनासे झाले, फक्त ट्रेकडे बघू लागले. नवरा-बायकोत यावर कधी अवाक्षर निघालं नव्हतं.

आता घर बघायला मेहुणी आली होती. दुखवट्याच्या घरात आल्यागेल्याचा मान राखावा म्हणून ती सरसकट सगळ्यांना बशी देत होती. त्यामुळे एकाच चौकाला दोन पुढाऱ्यांची नावं देऊन झाली होती आणि शाळेच्या मैदानावर क्रीडासंकुल आणि वाहनतळ, दोन्ही मंजूर झाली होती.

सहायकाने मेहुणीला बोलावलं. ताई बशी कुणाला द्यायची, हे तिला माहीत होतं.

"ज्याचा हात थरथरतो त्याला. चहा सांडला की गालिचा मलाच धुवावा लागतो, म्हणायची."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कधी, भावोजी? तुम्ही तर तिलाही कधी काही विचारलं नाहीत."

महापौरांनी आठवून पाहिलं. हात थरथरायचे ते म्हाताऱ्यांचे, भेदरलेल्यांचे, आयुष्यात पहिल्यांदाच कुणाकडे मागायला आलेल्यांचे. गरिबांचा वाली म्हणून त्यांचा लौकिक झाला होता, तो गालिच्यापायी. की तिला सगळं ठाऊक होतं?

"बाहेर कुणाचा हात थरथरतोय का बघ," ते म्हणाले.

सहायकाने फटीतून पाहिलं. "नाही साहेब. तिघंही निवांत आहेत. त्यांतले ते कंत्राटदार तर एका हातात कप धरून दुसऱ्या हाताने फोन लावतायत."

हे सांगताना सहायकाच्या हातातला कागद मात्र फडफडत होता. महापौर त्या कागदाकडे बघत राहिले.

दुपारी अध्यक्ष म्हणून सहायकाचंच नाव जाहीर झालं. तिघे चडफडले, पण उरलेल्या दोघांना मिळालं नाही याचं समाधान प्रत्येकाला इतकं होतं की कुणीच पक्ष सोडला नाही. खुर्ची वाचली. सहायक मात्र नव्या कचेरीत निघून गेला.

महापौर एकटेच जेवायला बसले. दोन घास झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली.

"काही हवंय का, भावोजी?"

"एक विचारायचं होतं."

"मला?"

"नाही," असं म्हणून ते पुन्हा जेवू लागले.