रेइनोच्या हातातला दोर

मोसमातलं पहिलं जहाज बंदरात शिरत होतं आणि ते बांधून घ्यायला धक्क्यावर कोणीही पुढे व्हायचं नाही, असं कामगारांच्या सभेत ठरलं होतं. ठरवणारा रेइनो कोस्केला, संघटनेचा अध्यक्ष. सुपीरियर सरोवर गोठलं की बंदर बंद. हिवाळाभर सगळे घरी बसतात आणि पहिल्या जहाजाबरोबर सगळ्यांना परत बोलावणं येतं. यंदा व्यवस्थापक मॅक्लीनने निम्म्यांनाच बोलावलं. उरलेल्यांत सगळ्यात नवा वासिल, आणि त्याच्या घरी लवकरच पाळणा हलणार होता.

म्हणून सगळे हाताची घडी घालून उभे होते. मॅक्लीनही गडी हट्टी. दोर काय, मी स्वतः पकडीन, असं ऐटीत जाहीर करून तो ऑफिसातल्या गुळगुळीत बुटांनिशी बर्फाळ धक्क्यावर गेला. जहाजावरून दोर सुटला आणि साहेबांनी बैठक मारली. दोर त्यांच्या डोक्यावरून सळसळत आला, तो रेइनोने झेलला.

नुसता झेलून थांबला असता तरी निभावलं असतं. पण जन्म याच कामात गेलेला. त्याने दोर ओढून खुंटाला टाकलासुद्धा. रेइनो उस्तादाने पहिला घेतला म्हटल्यावर मागच्यांनी सवयीने बाकीचे घेतले. जहाज झकास बांधलं गेलं, आणि मग आपला संप आहे हे सगळ्यांना आठवलं.

"आभारी आहे, रेइनो," बुडाखालचा बर्फ झटकत मॅक्लीन म्हणाला.

माणसं रेइनोला नाही नाही ते बोलली. त्याने ते ऐकून घेतलं. वासिलकडे बघायचा मात्र त्याला धीर झाला नाही.

दुपारी वारा फिरला. सरोवरावरचा फुटका बर्फ बंदरात लोटला आणि जहाजामागे गच्च बसला. बर्फ फोडणाऱ्या बोटीवरचे लोकही संपावरच. जहाजात गहू भरायला माणसं नाहीत आणि निघून जायला वाट नाही. सकाळी कोणी बांधून घेतलं नसतं, तर कप्तान केव्हाच पुढच्या बंदराकडे वळला असता. आता तो मॅक्लीनची कॉफी पीत त्याच्याच टेबलावर मुठी आपटत होता. दिवस मावळायच्या आत सगळ्यांना बोलावणं आलं, वासिललाही.

मग काय, रेइनोचा उदोउदो. सकाळी शिव्या देणारेच आता सांगू लागले की साहेबाला जाळ्यात ओढायचा बेत आम्ही तेव्हाच ओळखला होता. रेइनो गप्प राहिला, त्यामुळे तो आणखीच मुत्सद्दी दिसू लागला.

घरी जाताना वासिल सोबत होता.

"उस्ताद, खरं सांगा, हे सुचलं कधी?"

"सुचलं कसलं, डोंबल. दोर आला, हात गेला. तुझी नोकरी घालवलीच होती मी."

 वासिल म्हणाला, "नोकरी माझी जात होती, तरी माझाही हात गेलाच होता. तुम्ही पुढे उभे होतात, एवढंच."